शेवटच्या घराची हमी

मी वाचायला शिकले ती पत्रकांवर. बाबा रायपूरजवळ उरला नावाच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका रोलिंग मिलमध्ये होते आणि युनियनची पत्रकं तेच लिहायचे, हिंदीत. घरात मात्र आजोबांनी भंडाऱ्याकडून आणलेली मराठी. छापून आलेले गठ्ठे खाटेखाली असत. आई संध्याकाळी कामं आटोपून त्यांच्या घड्या घालायला बसे आणि घडी पडायच्या आत मी कागद वाचून काढी. पहिलीत बाईंनी ‘ह’वरून शब्द विचारला तेव्हा अख्खा वर्ग ‘हाथी’ म्हणाला आणि मी ‘हड़ताल’. बाईंनी घरी निरोप पाठवला. बाबा हसू दाबत मला म्हणाले, “हाथी पण शिकून घे पोट्टे. परीक्षेत तोच येते.”

आमचा पारा बीरगांवच्या कडेला. पारा म्हणजे वस्ती. तिकडे सगळे हाच शब्द वापरतात. मोठ्या रस्त्याच्या तोंडाशी किराणा दुकान, चौक, एकमेकांना चिकटलेली घरं. आत जावं तशी घरं विरळ होत आणि शेवटी एक लांब, अरुंद गल्ली रेल्वे लाइनीकडे निघे. त्या गल्लीच्या टोकाचं घर आमचं. सिलतऱ्याच्या कारखान्यांकडून वारा आला की वाळत घातलेल्या कपड्यांवर काळी भुकटी बसायची. आई कपडे झटकून पुन्हा टाकायची, आणि पुन्हा झटकायची.

बाबा पाऱ्याच्या कमिटीचे प्रमुख होते आणि त्यांचा एक नियम होता: आपल्या घरासाठी काही मागायचं नाही. हातपंप मंजूर झाला तेव्हा तो त्यांनी चौकात बसवून घेतला. दिव्याचे खांब आले तेव्हा आमची गल्ली शेवटची धरली, आणि खांब संपले. “कमिटीवाल्याच्या दारात काही येऊन थांबलं, का समज कमिटी खतम,” असं ते म्हणायचे. मला या नियमाचा फार अभिमान होता. मैत्रिणींच्या वडिलांनी घरं बांधली होती, स्कूटर घेतल्या होत्या. माझ्या वडिलांच्या दारात दिवासुद्धा नव्हता, आणि मी हे मान वर करून सांगायची.

राज्य तेव्हा नवं होतं. रायपूर राजधानी झालं होतं, शहरात रोज कुठल्या तरी खात्याची नवी पाटी लागत होती आणि आमच्या बाजूला माणसं वाढत होती. उन्हाळ्यात बोअर आटायचे, हातपंप लाल पाणी ओकायचा. मग टँकर यायचा. त्याला पुढेही पारे करायचे असत, म्हणून आमच्याकडे तो तीनच ठिकाणी थांबे. कुठे थांबायचं, ते कमिटी ठरवायची. तिन्ही थांबे चौकाच्या आसपास होते. जास्त माणसं तिथे, म्हणून पाणी तिथे. बाबांचा हिशेब सरळ होता. टँकर यायचा भर दुपारी. तेव्हा बाबा मिलमध्ये आणि मी विद्यापीठात. पाणी आई आणायची, चौकापासून लाइनीपर्यंत, एक गुंडी, म्हणजे घागर, डोक्यावर आणि एक कमरेवर.

एमएस्सीच्या शेवटच्या वर्षातल्या एप्रिलमध्ये एकदा मी लवकर घरी आले. आई स्वयंपाकघरात जमिनीवर बसली होती, पाठ भिंतीला, ओटीपोटावर हात दाबलेला. गुंड्या भरलेल्या होत्या आणि तिच्या कपाळावरचा घाम पुसायलाही तिने हात हलवला नव्हता.

“काय झालं?”

“काही नाही. बसून राहिली थोडी.”

मी शेजारी बसले. तेव्हा ती म्हणाली, “अंग बाहेर येते माझं. वजन उचललं का.”

मला आधी समजलंच नाही. समजलं तेव्हा मी तिच्याकडे बघू शकले नाही. तीच माझ्याकडे बघत होती, मला कसं वाटतंय हे पाहायला. शेजारणीबरोबर ती सरकारी दवाखान्यात जाऊन आली होती.

“डॉक्टरीणबाई म्हणते, वजन उचलू नको, नाही तं ऑपरेशन करा लागन. मी म्हटलं बाई, पाणी काय कापसासारखं येते का?” आणि ती हसली. हसतानाही हात तिथेच होता.

“मी आजच बाबांना सांगते.”

“बिलकुल नाही.”

“मग सभेत सांगते. त्यांच्यासमोर.”

“सभेत?” ती एकदम ताठ बसली. “माझ्या अंगाचा ठराव मांडतं का तू तिथं? माणसं हात वर करतीन? शपथ आहे तुले.”

“मग थांबा बदलणार कसा?”

“नाही बदलत तं नाही. तुझ्या बाबाले समजलं तं दोनच गोष्टी होतीन. एक तं ते नोकरी सोडून पाणी भरतीन. नाही तं थांबा दारात आणतीन अन् जन्मभर तोंड लपवून फिरतीन. मले दोन्ही नको.”

माझा आजवरचा सगळा विश्वास एकाच गोष्टीवर होता: दुःख असेल तर ते मोठ्याने सांगायचं. पत्रक म्हणजे तेच तर. अमक्याचा हात गेला, तमक्याची भाकरी गेली, आणि म्हणून आमची मागणी ही. कारण आधी, मागणी नंतर. इथे कारण जगातलं सर्वांत खरं होतं आणि ते उच्चारायची मला मनाई होती. तिच्या जागी मी असते तर मीही मनाईच केली असती, हेही मला कळत होतं. त्या आठवड्यात रोज कॉलेज बुडवून पाणी भरावं असं मनात आलं. दोन दिवस भरलंही. तिसऱ्या दिवशी तिने मला हाताला धरून ऑटोत बसवलं.

त्या दिवशी सरांनी क्लस्टरिंग काढलं. म्हणजे विखुरलेल्या ठिपक्यांचे गट पाडणं. फळ्यावर त्यांनी भरपूर ठिपके काढले आणि हिंदी-इंग्रजीच्या मिसळीत सांगितलं: यांतून काही केंद्रं निवडा, प्रत्येक ठिपका आपल्या जवळच्या केंद्राचा. आता चांगली निवड कुठली? एक मोजमाप असं, की सगळ्यांच्या अंतरांची बेरीज कमीत कमी असावी. त्यात गर्दी जिंकते. दुसरं मोजमाप असं, की सर्वांत लांब राहिलेल्या ठिपक्याचं अंतर कमीत कमी असावं. मी पेन खाली ठेवलं. ठिपक्यांच्या गर्दीपासून दूर, फळ्याच्या कोपऱ्यात, सरांनी सहज एक ठिपका काढला होता.

सगळ्या शक्य निवडी तपासत बसलं तर ठिपके वाढल्यावर कॉम्प्युटरलाही युगं लागतील. म्हणून एक झटपट रीत. पहिलं केंद्र कुठलंही घ्या. त्याच्यापासून जो सर्वांत लांब, तो दुसरं केंद्र. आता प्रत्येकाचं आपल्या जवळच्या केंद्रापासूनचं अंतर बघा. ज्याचं सर्वांत जास्त, तो तिसरं केंद्र. हवी तितकी केंद्रं होईपर्यंत हेच. आणि हमी अशी: सर्वांत उत्तम निवडीत शेवटच्या ठिपक्याला जितकं अंतर पडलं असतं, त्याच्या दुपटीपेक्षा जास्त या रीतीत कुणालाही पडणार नाही. दुपटीहून कमीची हमी देणारी झटपट रीत अजून कुणाला सापडलेली नाही, सापडण्याची आशाही नाही, असंही सर म्हणाले.

“सर, ये गारंटी कौन से डेटा के लिए?” मी विचारलं.

“किसी भी. डेटा बाद में आएगा, गारंटी पहले से है.”

मी घरी येईपर्यंत ऑटोत ती सिद्धता मनात घोळवत राहिले. तिच्यात कुठेही विचारलेलं नव्हतं, की हा ठिपका लांब का आहे, कुणाचा आहे, त्याला काय दुखतंय. लांब आहे, एवढं पुरे होतं. कुठलंही कारण न सांगता मिळणारा न्याय मी पहिल्यांदाच पाहत होते.

संध्याकाळी बाबांना ताटात हरभऱ्याचे दाणे मांडून दाखवलं. आई पाठमोरी भाकरी थापत होती. हे नेमकं कशासाठी चाललंय ते तिला कळलं होतं, कारण तिच्या हाताचा ठेका मंदावला.

“दुप्पट?” बाबा म्हणाले. “म्हणजे दुप्पट वाईट चालते, असं तू लिहून देऊन राहिली? आम्ही मालकाले असं लिहून दिलं असतं तं?”

“बाबा, याहून वाईट होणार नाही, असं मालकाने कधी लिहून दिलंय?”

त्यांनी ताट जवळ ओढलं. “सिद्ध करून दाखव.”

“समजा एका घराला त्या दुपटीहून जास्त चालावं लागलं. आपले तीन थांबे आणि ते चौथं घर, हे चारही मग एकमेकांपासून दुपटीहून लांब. कारण प्रत्येक थांबा आपण त्या वेळचं सर्वांत लांबचं घर म्हणून घेतला. तो जवळ असता तर आधी हे चौथंच घेतलं असतं. आता जगातला सर्वांत हुशार माणूस आणा. त्याच्याकडेही थांबे तीनच. चार घरं, थांबे तीन. कुठली तरी दोन घरं एकाच थांब्यावर पाणी भरणार की नाही?”

“भरतीन.”

“त्या थांब्यापासून एक घर जास्तीत जास्त एकपट लांब, दुसरंही एकपट. मग त्या दोन घरांमधलं अंतर?”

“दुपटीच्या आत.” बाबा थांबले. “पण तू तं म्हटलं का ते दुपटीहून लांब आहेत.”

“म्हणजे माझं समजणंच खोटं. असं घर असूच शकत नाही.”

बाबांनी एक दाणा तोंडात टाकला. ते कुठलाही मुद्दा पटला की असंच काही तरी खात. मग त्यांचं लक्ष ताटाच्या कडेच्या एकट्या दाण्याकडे गेलं आणि चेहरा बदलला. “हे आपलं घर आहे.”

“हो.”

“मग नाही.”

“तुमच्या प्रत्येक पत्रकात शेवटचा माणूस आहे, बाबा. तो शेवटचा माणूस आपल्याच घरात निघाला तर काय त्याने गप्प बसायचं?”

“हव,” ते म्हणाले, छत्तीसगढी ‘हो’. “गप्पच बसायचं.” तव्यावरची भाकरी करपली.

पण त्यांनी मला सभा घेऊ दिली. लोकशाही हा त्यांचा आणखी एक नियम होता. मी युनियनच्या बॅनरची दोरी घेतली, सारख्या अंतरावर उरलेल्या बॅनरच्या लाल चिंध्या बांधल्या आणि गल्ल्या मोजायला निघाले. आमच्या पाऱ्यात घरं थोडी. सगळ्या निवडी लॅबमधल्या कॉम्प्युटरवर तपासता आल्या असत्या. पण मशीन म्हणतंय म्हणून ऐका, असं मला सांगायचं नव्हतं. मला अशी रीत हवी होती जी लोक स्वतःच्या हाताने करून बघतील.

लाल चिंध्यांचा परिणाम मी धरला नव्हता. नव्या राजधानीत रस्ते रुंद होत होते आणि लाल खूण म्हणजे घर पडणार, हे सगळ्यांना पाठ होतं. पहिल्या गल्लीत एक म्हातारी मला म्हणाली, “बेटी, मेरा आधा ही नापना, आधा भाई का है.” दुसऱ्या गल्लीत पट्टे, म्हणजे जागेच्या मालकीचे कागद, मिळणार अशी बातमी झाली आणि एका माणसाने मला चहा पाजून कुंपण दोन हात पुढे सरकवलं. सभेला पारा लोटला, इतका की युनियनच्या सभेलाही कधी लोटला नव्हता. घर पडणार नाही आणि पट्टाही मिळणार नाही, गोष्ट टँकरची आहे, हे कळल्यावर निम्मे लोक वैतागले. पण आता आलोच आहोत तर, म्हणून बसले.

चौकातल्या चबुतऱ्यावर मी खडूने गल्ल्या काढल्या, घरांच्या जागी खडे ठेवले. बायका एका कडेला होत्या. आई त्यांच्यात, पदर दातात धरून. रीत सांगितली. पहिलं घर कुणाचंही.

किराणावाले सेठ पुढे बसले होते. ते बाबांना नेताजी म्हणत आणि प्रत्येक सभेत त्यांची फिरकी घेत. “मेरी दुकान से चालू करो.”

सुतळीने मोजलं. दुकानापासून सर्वांत लांब: आमचं घर.

“वा नेताजी!” सेठ म्हणाले. “गणित घूम-फिरके आप ही के दरवाजे पे पानी पी रहा है?”

हशा झाला. बाबांचे कान लाल झाले. ते उठले. “रद्द करा. जुनेच थांबे राहतीन.”

एका वाक्यात सगळं संपलं असतं, आणि ते वाक्य माझं नव्हतं. मी आईकडे बघितलं नाही. सेठना म्हटलं, “चाचा, दुकान से नहीं. आप जहाँ से बोलो, वहाँ से.”

“तालाब के पास से.”

तलावाकडून सुरुवात केली. दुसरं केंद्र आमचं घर.

“रुको, रुको. मिस्त्री के घर से.” तिथून दुसरं केंद्र दुकानामागचं घर आलं. सेठनी टाळी वाजवली. तिसरं आमचं.

मग लोकांना चेवच आला. जो तो आपल्या घरापासून सुतळी लावायला लागला. “मेरे यहाँ से!” “अब मेरे यहाँ से देख!” बायका उठून आल्या, खडे हलवल्याबद्दल भांडणं झाली, एका काकूंनी स्वतःचं घर चुकीच्या गल्लीत असल्याचं दाखवून दिलं. सुरुवात कुठूनही असो, तिसऱ्या थांब्यापर्यंत सुतळी लाइनीकडच्या टोकाला पोचत होतीच. हळूहळू हसणं कमी झालं. मिस्त्री सुतळी बोटाला गुंडाळत म्हणाला, “भैया, सच में बहुत दूर रहते हो आप लोग.” तो गेली कित्येक वर्षं आमच्या घरी चहाला येत होता.

बाबा अजून उभेच होते. “ठीक है,” ते म्हणाले, “थांबा त्या गल्लीत घेऊ. पण आमच्या दारात नको. दोन घरं अलीकडे.”

मी चिडून तोंड उघडलं, तेवढ्यात मागून आवाज आला.

“दोन घरं अलीकडे काहून?”

आई होती. पत्रकांच्या इतक्या घड्या घातलेली माझी आई सभेत कधी बोलली नव्हती. सगळे मागे वळले. तिने पदर दातातून काढला.

“सुतळी आपल्या घरी गेली ना? मग थांबा आपल्या घरी. दोन घरं मी कायले चालू?”

“अगं, लोक काय म्हणतीन?” बाबा हळू बोलले, पण चौकात सगळ्यांना ऐकू गेलं.

“लोक इथंच बसून आहेत. विचारा त्याइले.”

बाबांनी खरंच विचारलं. मालकांसमोर ज्यांचा आवाज कधी कापला नाही, ते आमच्या शेजाऱ्यांसमोर चाचरत होते. “किसी को... किसी को ऐतराज है? हमारे दरवाजे पे?”

सेठ कपाळाला हात लावून म्हणाले, “नेताजी, भाभी बोलें तो टैंकर को रसोई में खड़ा कर दें. बैठो अब.”

घरी परतताना बाबा माझ्याबरोबर मागे राहिले. आई पुढे बायकांबरोबर चालत होती.

“तुझी आई आज बोलली,” ते म्हणाले. “काही कारण आहे का?”

“तिला विचारा.”

“तुले माहीत आहे.”

“हो. पण तिला विचारा, बाबा.”

त्यांनी विचारलं. मी अंगणात दोरीवरचे वाळलेले कपडे काढत होते, मुद्दाम एकेक करून. आतून आईचा आवाज येत होता. मी आत गेले तेव्हा बाबा तिच्यासमोर जमिनीवर बसले होते आणि तिचे पाय त्यांच्या मांडीवर होते. मला बघून तिने ते ओढून घेतले. त्यांनी परत घेतले. दुसऱ्या दिवशी त्यांनी मिलमधून सुट्टी काढली आणि दोघं दवाखान्यात गेली. ऑपरेशनची गरज सध्या नाही, वजन मात्र अजिबात नको, असं डॉक्टरीणबाईंनी पुन्हा सांगितलं. या वेळी ऐकायला दोघं होती.

नव्या थांब्यावर पहिला टँकर आला तेव्हा बाबांची रात्रपाळी होती, म्हणून दुपारी ते घरी होते आणि झोपायचं सोडून दारात उभे होते. मीही विद्यापीठात गेले नव्हते. ड्रायव्हरने पाइप टाकला. आईने सवयीने गुंडी भरली, सवयीनेच ती कमरेवर घ्यायला वाकली, आणि बाबांनी दुसरीकडून कडा धरली.

“सोडा, सांडते.”

“तू सोड.”

“तुमाले धरता येत नाही, तिरपी होऊन राहिली.”

“मी सळ्या उचलतो दिवसभर.”

“सळी सांडत नाही!”

कुणीच सोडेना. गुंडी दोघांच्या मध्ये डुचमळत होती, बाबांचा पायजमा गुडघ्यापर्यंत भिजला होता, आणि उंबरठ्यापर्यंतचं ते एवढंसं अंतर जाताना दोघं एकमेकांवर चिडलेली होती आणि दोघांपैकी कुणालाही ते संपायला नको होतं. मागे गल्लीतल्या बायकांची रांग लागली होती.

“भाभी,” पलीकडच्या घरातली ओरडली, “भैया को बाद में देख लेना. पाइप इधर दो पहले.”

आईने मान न वळवता पायानेच पाइप मागे सरकवला.